बेथोव्हनचा ट्रिपल कन्चेर्टो: मुरलेला पियानोवादक आणि शेजारी विशीतले वादक

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मुरलेला पियानोवादक, मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि शेजारी विशीतले दोन वादक असा कार्यक्रम असला की जाहिरातीत हमखास ‘नव्या पिढीला संधी’ असं छापून येतं. वाचणाऱ्याला वाटतं, मोठ्या माणसानं मोठ्या मनानं पोरांना स्टेजवर बसवून घेतलंय. मला हे मनापासून खटकतं. त्या स्टेजवर पोरांच्या अंगावर पडणारी जबाबदारी पियानोवाल्यापेक्षा तसूभरही कमी नसते, काही जागी तर जास्तच असते. बेथोव्हनचा ट्रिपल कन्चेर्टो ऐकला (कन्चेर्टो म्हणजे मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची रचना) की हे लगेच ध्यानात येतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. इथं हे संगीत ऐकणारे आणि वाजवणारेही बरेच आहेत, त्यांनी भर घालावी.

रचना १८०३-०४ मधली, ओपस (रचनाक्रमांक) ५६, सी मेजर, म्हणजे षड्ज सी. पियानो, व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनचाच मोठा, खर्जाचा भाऊ, बसून वाजवायचा) असे तीन मुख्य वादक आणि मागे ऑर्केस्ट्रा. एकूण साधारण ३५ मिनिटं. तीन भाग आहेत आणि तिन्ही भागांत या तिघांपैकी पहिलं तोंड उघडतो तो चेलो. पहिल्या भागात ऑर्केस्ट्राची लांबलचक प्रस्तावना संपली की चेलो एकटा मुख्य धून घेऊन येतो. दुसऱ्या संथ भागात, लार्गोत, पुन्हा चेलो. तिसऱ्या भागात पोलिश नाचाची लय आहे, तिथंही चेलोच. बरं, हे वाजवायचं कुठं, तर बराच वेळ सगळ्यात वरच्या तारेवर, डाव्या हाताचा अंगठा पट्टीवर आडवा टाकून, जिथं बोट केसभर सरकलं तरी सूर उघडा पडतो. चेलोवादक या रचनेला उगाच वचकून नसतात.

त्या मानानं पियानोचा भाग बोटांना सोपा आहे. याची एक गोष्ट नेहमी सांगतात. बेथोव्हनचा सहायक शिंडलर म्हणायचा की हा भाग आर्चड्यूक रुडॉल्फसाठी लिहिला होता. रुडॉल्फ सम्राटाचा भाऊ, बेथोव्हनचा शिष्य, जन्म १७८८ चा, म्हणजे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. शिंडलरच्या शब्दावर फार विसंबता येत नाही, बेथोव्हनच्या संभाषणवह्यांत (ऐकू येईनासं झाल्यावर लोक त्याच्याशी ज्यांत लिहून बोलत त्या वह्या) त्यानं मागाहून स्वतःच्या नोंदी घुसडल्याचं अभ्यासकांनी उघड केलंय. पण त्याचं म्हणणं खरं धरलं तर गंमत बघा: मूळ बेतात नवशिका पियानोवर होता आणि तयारीचे वादक शेजारी होते. आज बरोबर उलटी मांडणी लोकप्रिय आहे.

दोन ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐका असं सुचवेन. पहिलं १९७९ चं: कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, व्हायोलिनवर १६ वर्षांची आन-सोफी मुटर, चेलोवर विशीतला यो-यो मा, पियानोवर मार्क झेल्टसर. दुसरं २०१९ चं, बर्लिनमधलंच. त्याच मुटर आणि तेच मा, ४० वर्षांनी. पियानोवर डॅनिएल बारेनबॉइम, ऑर्केस्ट्राही तेच सांभाळतायत, आणि ऑर्केस्ट्रा आहे वेस्ट-ईस्टर्न दिवान, ज्यात अरब आणि इस्रायली तरुण एका बाकावर बसून वाजवतात. म्हणजे पहिल्यात पोरं पुढे आणि अनुभव मागे, दुसऱ्यात अनुभव पुढे आणि पोरं मागे. रचना तीच, पण ताण कुठं आहे ते पार बदललेलं ऐकू येतं.

निळीशाई

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न विचारू का? पियानोचा भाग सोपा, चेलोचा अवघड, मग मुरलेला पियानोवादक तिथं नेमकं करतो काय? नाव मोठं म्हणून तिकिटं खपतात, एवढंच?

मंद्रसप्तक

निळीशाई, प्रश्न मुद्द्याचा आहे. पियानोचा स्वर दाबला त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि लगेच विरायला लागतो. व्हायोलिन-चेलोचं उलटं, गज तारेवर टेकून स्वर उमलायला किंचित वेळ लागतो आणि मग तो हवा तेवढा धरता येतो, वाढवता येतो. तिघांनी एकच स्वर एकाच वेळी सुरू केला तर पियानो आधी ऐकू येतो. जाणता पियानोवादक हे ओळखून बोट कणभर उशिरा आणि हलकं टाकतो, म्हणजे चेलोचा स्वर त्याच्याखाली दबत नाही. चेलो खालच्या पट्टीत गेला की डावा हात जवळजवळ काढून घेतो, कारण पियानोचे मंद्र स्वर चेलोला गिळतात. स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, हे लिहिलेलं नसतं. अवघड पल्ले वाजवणारी बोटं विसाव्या वर्षीही असतात, हे मात्र शेकडो वेळा इतरांबरोबर बसल्यावरच येतं.

आणि नावं मोठी असली म्हणजे हे आपोआप होतं असंही नाही. १९६९ मध्ये व्हायोलिनवर ओइस्त्राख, चेलोवर रोस्त्रोपोविच, पियानोवर रिश्टर आणि कंडक्टर कारायान असे चौघे याच रचनेसाठी एकत्र आले होते. ती तबकडी जगभर गाजली, पण खुद्द रिश्टरला ती आवडली नव्हती आणि त्यानं ते लपवलंही नाही.

दुसरं_व्हायोलिन

मी मुंबईत हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत वाजवतो, त्यामुळे मागच्या बाकावरून काय दिसतं तेवढं सांगतो.

सुरुवात तारा लावण्यापासून. एरवी ओबो (एक सुषिर वाद्य) ‘ए’ हा सूर देतो आणि सगळे त्यावर तारा लावतात. पियानो असला की ऑर्केस्ट्राचा मुख्य व्हायोलिनवादक पियानोपाशी जाऊन ‘ए’ची पट्टी दाबतो, कारण पियानोचा सूर त्या संध्याकाळी कुणाला हलवता येत नाही. इथंच नव्या चेलोवादकाची पहिली परीक्षा होते. चेलोच्या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. कानाला गोड लागेल असा शुद्ध पंचम लावला तर तो पियानोच्या पंचमापेक्षा २ सेंटनं मोठा पडतो (अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). ‘ए’पासून खाली डी, जी, सी असे तीन पंचम उतरलात की शेवटची सी तार पियानोच्या सी पेक्षा ६ सेंट उतरी राहते. ट्रिपल कन्चेर्टो आहे सी मेजरमध्ये! म्हणजे पियानोचा षड्ज एक आणि चेलोच्या मोकळ्या तारेचा षड्ज दुसरा. म्हणून जाणकार चेलोवादक तिन्ही पंचम किंचित आवळून लावतात. घरी एकट्यानं सराव करणाऱ्याला हे कधी कळतच नाही, कारण एकटं वाजवताना सगळं सुरेलच वाटतं.

दुसरी गोष्ट बसण्याची. एरवीच्या पियानो कन्चेर्टोत पियानो स्टेजच्या कडेला समांतर असतो, झाकण प्रेक्षकांकडे उघडलेलं. आवाज सगळा सभागृहात जातो, आम्हा मागच्यांना फार कमी येतो. पियानोवादक स्वतः ऑर्केस्ट्रा सांभाळणार असला तर झाकण काढूनच टाकतात, पियानोचं निमुळतं टोक आमच्यात घुसवतात आणि वादक प्रेक्षकांना पाठमोरा बसतो. तेव्हा आम्हाला त्याचा चेहरा आणि खांदे दिसतात. दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले, मग इशारा कसला? भुवईचा, मानेचा, नाहीतर श्वासाचा. ऑर्केस्ट्रातल्या नव्या पोरांचे कान अशा वेळी खाडकन उघडतात. छडी नसते ना समोर!

पेटीवाला_पुणे

दुसरं_व्हायोलिन, तुम्ही जे ६ सेंट म्हणताय त्यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद झालेत. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती, त्यामागचं एक कारण हेच, पेटीचे ठरलेले सूर. मी ४० एक वर्षं गायकांच्या साथीला बसतोय. गाणारा नवा असला की त्याचा कान पेटीकडे ओढला जातो आणि त्याचा स्वतःचा गंधार हरवतो. म्हणून मी अशा वेळी कमी वाजवतो, त्याच्या मागून जातो. तुमचे पियानोवाले नेमकं हेच करत असावेत असं वरचं वाचून वाटलं. फार आनंद झाला.

मंद्रसप्तक

काका, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. एक फरक मात्र आहे. तुम्ही गायकाच्या मागून जाऊ शकता, कारण पुढची जागा काय असेल ते त्या क्षणी ठरतं. इथं स्वरन्स्वर २०० वर्षांपूर्वी लिहून झालाय, मागून जायला वावच नाही. तिघांनी एकदमच पोचायचं असतं. त्यामुळे ऐकायचं ते पुढचं, म्हणजे शेजारच्याचा श्वास ऐकून तो कुठं उतरणार ते आधी ओळखायचं.

सडेतोड_सातारा

सगळ्यांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. चेलोचा भाग इतका अवघड असेल तर तो विशीतल्या मुलाला द्यावाच का? अनुभवी पियानोवादक शेजारी बसून त्याच्या चुका झाकणार, श्रोते मोठ्या नावाला टाळ्या देणार आणि मुलाला वाटणार आपण पोचलो. यातून त्याचं भलं होत नाही. आधी चार वर्षं चौकडीत (चार तंतुवादकांच्या गटात) वाजवू दे, ऑर्केस्ट्रात मागच्या बाकावर बसू दे. ज्याला खरंच शिकवायचंय त्यानं वर्गात शिकवावं. स्टेज ही शिकायची जागा नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांडवीपार

सडेतोड, मला हे पटलं नाही. गोव्यात चर्चच्या गावशाळांतून पोर्तुगीज काळापासून पोरांना सोल्फा (दो-रे-मी अशी स्वरांची नावं घेऊन गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, आणि शिकायला लागलेलं पोर सणाच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) थोरांच्या बरोबरीनं उभं राहायचं. घरी बसून आधी तयार हो, मग ये, असं कुणी म्हणत नसे. त्याच पोरांनी पुढं मुंबईत जाऊन नाचघरांचे बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. लोकांसमोर, आपल्यापेक्षा मोठ्याच्या खांद्याला खांदा लावून वाजवताना जे येतं ते वर्गात येत नाही.

अवांतर: नवशिक्याला सांभाळून घेणारी लिखाणंही आहेत की. मोझार्टनं १७७६ मध्ये साल्झबुर्गच्या काउंटेस लोद्रोन आणि तिच्या दोन मुलींसाठी तीन पियानोंचा कन्चेर्टो लिहिला (के २४२; ‘के’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). धाकटीचा हात बेताचा, म्हणून तिसरा पियानो मुद्दाम सोपा ठेवला. पुढं जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी पदावर असताना हाच कन्चेर्टो एशेनबाख आणि फ्रान्झ या दोन पियानोवादकांबरोबर लंडन फिलहार्मोनिकसह रेकॉर्ड केला आणि स्वतः तिसरा पियानो वाजवला. म्हणजे लिहिणाऱ्यानंच जागा करून ठेवली होती.

नेकारकाठची

मी श्टुटगार्टजवळ राहते, मुलगा इथल्या युवा ऑर्केस्ट्रात चेलो वाजवतो. सडेतोड यांचा प्रश्न मलाही पडायचा, म्हणून एका तालमीचं सांगते.

मोझार्टचा ए मेजरमधला पियानो कन्चेर्टो होता, के ४८८. त्याचा मधला भाग एफ शार्प मायनरमध्ये आहे, मोझार्टनं या स्वरात लिहिलेला हा एकच. पियानोवर साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. त्या भागाच्या शेवटाकडे पियानो अगदी एकेक स्वर टाकतो, मधे मोठमोठ्या उड्या, आणि खाली तंतुवाद्यं गज न लावता बोटानं तार छेडतात. पोरं कंडक्टरच्या छडीकडे टक लावून छेडत होती. प्रत्येक छेड वेळेवर, तरी ऐकायला काहीतरी तुटक. बाई थांबल्या. कंडक्टरला म्हणाल्या, जरा बाजूला बसता का? आणि पोरांना म्हणाल्या, माझ्याकडे बघू नका, फक्त वरचा स्वर विरताना ऐका आणि तुम्हाला वाटेल तेव्हा छेडा. पहिल्या खेपेला सगळा पसारा झाला. दुसऱ्याला थोडा कमी. तीन-चार वेळा झाल्यावर अठरा-वीस पोरांची छेड एकत्र पडायला लागली, कुणी इशारा न देता. बाई एका शब्दानं ‘छान’ म्हणाल्या नाहीत, लगेच पुढचा भाग सुरू केला.

घरी येताना मुलगा म्हणाला, “आई, त्यांनी प्रत्येक वेळी थोडं वेगळं वाजवलं. पाठ करून चालणारच नव्हतं.” चुका झाकणं हे नव्हे हो, सडेतोड. उलट छडीचा आधार होता तोही त्यांनी काढून घेतला.

सडेतोड_सातारा

ताई, प्रसंग आवडला. पण ती तालीम होती, तिकीट लावलेला कार्यक्रम नव्हे. माझा आक्षेप तिकिटाच्या कार्यक्रमाला आहे आणि तो मी मागे घेत नाही.

मंद्रसप्तक

तिकिटाच्या कार्यक्रमांचंच उदाहरण देतो. पियानोवादक मार्था आर्गेरिच. जन्म ब्वेनोस आयरेसचा, १९४१. १९६५ मध्ये वॉर्सॉची शोपँ स्पर्धा जिंकली, म्हणजे एकटीनं मैफल गाजवायला तिला कुणाची गरज नव्हती. तरी १९८० च्या दशकापासून तिनं एकटीचे कार्यक्रम जवळजवळ सोडलेच. एकटं बसायला नको वाटतं असं ती सांगत आलीय. २००२ ते २०१६ दर उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला तिचा महोत्सव व्हायचा. जुने मित्र, नवी पोरं आणि तिथला ऑर्केस्ट्रा, सगळे एका यादीत. कापुसाँ बंधू, व्हायोलिनवाला रनो आणि चेलोवाला गोतिए, तिथं तिच्याबरोबर वाजवत होते तेव्हा विशीत होते. ती ध्वनिमुद्रणं बाजारात आहेत, ऐका. आर्गेरिच कुणालाही सांभाळून घेत नाही! लय अशी उधळते की शेजारच्याला कंबर कसून पळावंच लागतं. आणि तो पळतो, कारण ती त्याच्याकडून पूर्ण बरोबरीची अपेक्षा धरून असते. मला यात तिचा पोरांवरचा सगळ्यात मोठा विश्वास दिसतो.

चुका झाकण्याबद्दल म्हणाल तर चेलो एकटा येतो तिथं पियानो वाजतच नसतो किंवा अगदी बारीक वाजत असतो. झाकणार कशानं?

दुसरं_व्हायोलिन

आपल्या शहराबद्दलही थोडं बोलू या का? मुंबईत १९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढं ते परदेशी गेले आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिंफनी काढून तीन दशकांहून जास्त काळ पोरांकडून वाजवून घेत राहिले. झुबिन मेहतांचे वडील म्हणून त्यांचं नाव घेतात, पण माझ्या लेखी त्यांचं हे काम स्वतंत्रपणे फार मोठं आहे. मुंबईच्या माणसानं अमेरिकेतली एक पिढी घडवली, आणि इथं?

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. बाहेरचे नामांकित पियानोवादक येतात, जमशेद भाभा नाट्यगृह भरतं. पण बाकांवर बसलेल्यांत बरेच वादक परदेशातून आलेले असतात. लहान मुलांसाठी त्यांची अकादमी चालू झालीय, ते चांगलंच झालं. माझी तळमळ मधल्या वयाच्या मुलांसाठी आहे. पाश्चात्त्य संगीताची आठव्या ग्रेडची परीक्षा पास झालेली, १८-१९ वर्षांची, चांगला हात असलेली. त्यांना परीक्षेला पियानोची साथ मिळते ती दहा मिनिटांची, साथीदार परीक्षेच्या दिवशीच भेटतो. पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर मुरलेल्या पियानोवादकाशेजारी बसायचं तर विमानच पकडावं लागतं.

निळीशाई

माझी भाची नेमकी यातलीच, नाशिकला व्हायोलिन वाजवते. ऑर्केस्ट्रा नाही म्हणून मग करायचं तरी काय? मार्ग सुचवा ना.

दुसरं_व्हायोलिन

ऑर्केस्ट्रा नसला तरी निम्मं काम होतं. जवळपास प्रत्येक कन्चेर्टोचं पियानोसाठी केलेलं रूप छापील मिळतं, त्यात ऑर्केस्ट्राचा सगळा भाग एकाच पियानोवर आणलेला असतो. नाशकात चर्चमध्ये किंवा शाळेत पियानो वाजवणारी एखादी वडीलधारी व्यक्ती असतेच. भाचीला महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे पाठवा. रेकॉर्डवरच्या साथीबरोबर सराव करू नको म्हणावं, रेकॉर्ड तिची वाट बघत नाही आणि तिला कुणाची वाट बघायलाही शिकवत नाही. चेलोवाला मित्र मिळाला तर तिघांनी हायडनची त्रिकुटं घ्यावीत. पियानोच बराचसा बोलतो, चेलो त्याच्या डाव्या हाताला धरून असतो, आणि व्हायोलिनला कधी पुढं यायचं, कधी मागं सरायचं ते झक्कत शिकावं लागतं.

पेटीवाला_पुणे

आणि त्या वडीलधाऱ्यांना मानधन द्या. साथीदाराला चहावर बोळवू नका, एवढी माझी विनंती.

निळीशाई

नक्की, काका. दुसरं_व्हायोलिन, मनापासून आभार, चर्चमध्ये चौकशी करतेय.

काल रात्री दोन्ही ध्वनिमुद्रणं भाचीबरोबर ऐकली. लार्गो संपून तिसरा भाग सुरू होतो तिथं थांबा न घेता चेलो एकच स्वर पुन्हा पुन्हा, वेग वाढवत वाजवतो आणि त्यातूनच नाच सुरू होतो. भाची म्हणतेय की तिथं लय ठरवतो तो चेलोवालाच, पियानोवाला आणि ऑर्केस्ट्रा दोघंही त्याच्यावर अवलंबून असतात. तिचं बरोबर आहे का?

मंद्रसप्तक

शंभर टक्के बरोबर. त्या दोन-चार क्षणांत स्टेजवरच्या सगळ्यांची लय एकट्या चेलोच्या हातात असते, आणि नाचाची धून चेलोकडून सर्वांत आधी जाते ती व्हायोलिनकडे. तिला सांगा, आता स्कोअर समोर घेऊन तीच जागा पुन्हा ऐक आणि तेव्हा पियानो काय करतोय ते बघ. काय सापडलं ते इथं लिहायला सांगा, मी वाट बघतोय.